‘व इतर’

मागल्या महिन्यात आमच्या तालुक्याला फोटो आले. टेम्पोतून आले. लाकडी चौकटीच्या फळ्या, त्यावर चिकटवलेला मोठा कागद, खाली दोन ओळींची चिठ्ठी. विषय काय, तर राष्ट्रीय पुढाऱ्यांचे वर्तमानपत्री फोटो. तीन दिवस इथल्या हॉलात, मग पुढच्या तालुक्याला. प्रवेश फुकट. शाळेची पोरं रांगेनं आणली होती, आणि मास्तर पुढं चला पुढं चला करत त्यांना हाकत होते. मी रात्रपाळी सुटल्यावर तसाच गेलो. केसात कापसाची भुकटी, डोळ्यात झोप.

फळ्या मोजल्या. बेचाळीस. गिरणीत बॉबिन मोजायची सवय, ती कुठंही जात नाही. बेचाळिसांपैकी दोन फळ्यांवर बाबासाहेब. एक तर सगळ्यांना पाठ असलेला फोटो, नोव्हेंबर १९४९ चा, राजेंद्रप्रसादांच्या हातात घटनेचा मसुदा देताना. दुसरा ३१ जानेवारी १९५० चा. प्रजासत्ताक होऊन पाच दिवस झालेले आणि पहिलं मंत्रिमंडळ राष्ट्रपतींबरोबर फोटोला बसलेलं. पुढच्या रांगेत मधोमध राजेंद्रप्रसाद, त्यांच्या एका हाताला नेहरू, दुसऱ्या हाताला पटेल. त्याच रांगेत जगजीवनराम आहेत, राजकुमारी अमृत कौर आहेत, श्यामाप्रसाद मुखर्जी आहेत. आणि आपण फोटोकडे तोंड करून उभं राहिलो तर डाव्या टोकाला, पहिल्या खुर्चीवर, बाबासाहेब.

खाली चिठ्ठी होती. ‘पं. नेहरू, डॉ. राजेंद्रप्रसाद, सरदार पटेल व इतर.’

मी दोनदा वाचलं. मग दाराशी टेबल टाकून बसलेल्या माणसाकडं गेलो. म्हणलं, “दादा, त्या फळीवर बाबासाहेबांचं नाव नाही.” त्यानं मान वर केली. “चिठ्ठ्या वरून छापून येतात भाऊ. मी टेम्पो चालवतो नि खिळे मारतो.” खोटं बोलत नव्हता. कंत्राटी माणूस, माझ्यासारखाच. प्रदर्शन कुणाचं होतं ते इथं लिहीत बसत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, आणि ही खोड एका हापिसाची नाही.

दोस्तहो, हा लेख त्या ‘व इतर’वर आहे. हे दोन शब्द कुठून आले, कसे छापले गेले, ते मी माझ्या परीनं शोधलं. कॉलेज केलेलं नाही. वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात जे मिळालं, त्यावर लिहितोय.

पहिल्यांदा हे समजून घ्या, की बातमीचा फोटो म्हणजे नुसता कॅमेरा नव्हे. आज खिशातल्या मोबाईलमध्ये फोटो निघतो म्हणून आपल्याला वाटतं, डोळा मारावा तसा फोटो मारला की झालं. त्या काळी फोटो काढणं हे अर्धं काम. छापायचा तर त्याचा ब्लॉक लागायचा. मूळ फोटो बारीक जाळीतून पुन्हा टिपायचा म्हणजे त्याचे ठिपके पडतात, काळ्या जागी मोठे, उजळ जागी बारके. ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, पत्रा आम्लात घालून ठिपक्यांमधली जागा खाऊ द्यायची, आणि तो पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या शेजारी मशीनवर चढवायचा. (खिळे म्हणजे छपाईचे टाईप. टेबलवाल्याचे खिळे वेगळे.) ह्या ब्लॉकची मजुरी चौरस इंचावर. जितका फोटो रुंद तितके पैसे जास्त. मग संपादक काय करणार? दोन्ही कडेची माणसं कापणार. मधली राहणार. बाबासाहेबांची खुर्ची टोकाला होती हे ध्यानात ठेवा. त्यांना टोकाला बसवलं कुणी हा एक प्रश्न आहे, आणि टोकं कापायची चाल ज्यानं पाडली तो दुसरा. दोन्ही प्रश्नांना एकच एक माणूस सापडत नाही. व्यवस्था म्हणतात ती हीच, साली. हात कुणाचाच दिसत नाही नि गळा मात्र आपलाच कापलेला असतो.

मोठ्या वर्तमानपत्राच्या खणात पुढाऱ्यांचे ब्लॉक तयार पडलेले असत. पुढारी तुरुंगात गेला, सुटला, आजारी पडला, की खण उघडायचा नि ब्लॉक लावायचा. एकदा ज्याचा ब्लॉक झाला त्याचं तोंड पुन:पुन्हा छापून येणार. ज्याचा झालाच नाही तो बातमीत असूनही बिनतोंडाचा.

आता आपल्याकडं बघा. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून. त्याची जाहिरात पैसे मोजून छापायलासुद्धा ‘केसरी’ तयार झाला नाही. जे पैसे घेऊन चार ओळी छापायला तयार नव्हते ते आपल्या माणसाचा ब्लॉक करून ठेवणार होते होय? ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला सुरू झाला, १९२९ मध्ये पैशावाचून बंद पडला. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्यानं लिहून काढले होते. जिथं कागदाला पैसे नव्हते तिथं जस्ताचा पत्रा कुठून येणार? हे तुमच्या हातातलं मासिकही सायक्लोस्टाईलचं आहे. स्टेन्सिलवर रेघ उमटते, अक्षर उमटतं, फोटो उमटत नाही. तेव्हा ज्या फोटोंबद्दल मी लिहितोय त्यातला एकही इथं दाखवू शकत नाही.

ज्यांनी ते फोटो काढले त्यांच्याशी आपलं भांडण नाही, हेही सांगून टाकतो. ती कामाची माणसं होती. होमाई व्यारावाला घ्या. नवसारीला १९१३ साली जन्मलेली पारशी बाई, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली. सुरुवातीला हिचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे, कारण बाईच्या नावाला किंमत नाही. म्हणजे ‘व इतर’मध्ये तीही बसलेली होती. १९४२ पासून दिल्लीत ब्रिटिशांच्या माहिती खात्यात नोकरी, साडी नेसून अवजड कॅमेरा खांद्यावर, पुरुषांच्या गर्दीत एकटी. नेहरूंचे किती फोटो काढले त्याला गणती नाही. १९७० च्या सुमाराला कॅमेरा खाली ठेवला आणि बडोद्याला गप्प राहिली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तिचं मोठं प्रदर्शन लागलं, ते पुढं मुंबई आणि बंगलोरला फिरलं. २०११ ला पद्मविभूषण, २०१२ च्या जानेवारीत बाई गेली. वयाच्या अठ्ठ्याण्णव्या वर्षी.

दुसरा कुलवंत रॉय. हा पण दिल्लीचा. गांधी, जिना, नेहरू, पटेल, सगळे ह्याच्या कॅमेऱ्यातून गेले. १९५८ मध्ये जगाच्या प्रवासाला निघाला, काढलेल्या निगेटिव्ह पार्सलानं घरी पाठवत राहिला, आणि परत आला तेव्हा ती पार्सलं गहाळ. माणूस दिल्लीतले उकिरडे हुडकत फिरला म्हणतात. १९८४ ला वारला. मागं राहिलेल्या पेट्या एका ओळखीच्या फोटोवाल्या पोरानं सांभाळल्या, म्हणून आज त्याचं नाव तरी आहे. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. कामगाराचं काम उकिरड्यात जाणं काय असतं ते आपल्याला सांगायला नको.

पण फोटोवाला जातो कुठं? जिथं धाडतील तिथं. दिल्लीतली हापिसं, बंगले, विमानतळ, परिषदा. महाडला कोण धाडणार? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, तो प्रसंग आपल्या घराघरात टांगलेला आहे. नीट बघा, तो फोटो नाही, चिताऱ्यानं काढलेलं चित्र आहे. कुणी निळा कोट घालतं, कुणी पांढरा. पाणीसुद्धा प्रत्येक चित्रात वेगळ्या रंगाचं.

१९३० साल घ्या. २ मार्चला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड पुढं, हजारो माणसं, बायका, देवळाचे सगळे दरवाजे बंद. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, १२ मार्चला, गांधी साबरमतीहून दांडीला निघाले. दोन्ही सत्याग्रह. दोन्ही अहिंसेचे. एक इंग्रजाच्या मिठासाठी, एक हिंदूच्या देवळासाठी. दांडीला परदेशी बातमीदार आले, सिनेमाचे कॅमेरे आले, आणि अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकानं गांधींना १९३० चा वर्षपुरुष ठरवलं. नाशकात एप्रिलमध्ये रथाच्या दिवशी आपल्या माणसांवर दगड पडले, आणि सत्याग्रह पुढं पाच वर्षं धुमसत राहिला. आमच्या प्रदर्शनात दांडीच्या चार फळ्या. नाशकाची एकही नाही. गांधींचे फोटो काढले ह्याची मला पोटदुखी नाही. तो माणूस कॅमेऱ्याला ओळखून होता, कुठं कसं चालायचं हे त्याला कळत होतं, आणि इंग्रजाविरुद्ध ते हत्यार कामाला आलं हे कबूल केलं पाहिजे. पण त्याच महिन्यात त्याच देशात दुसऱ्या एका दारापुढं माणसं बसली होती, आणि त्या दाराआडचे लोक इंग्रज नव्हते. ते दार फळीवर आणलं तर राष्ट्राचा फोटो बिघडतो.

आता चरख्याच्या फोटोवर येतो, कारण तिथं माझं पोट आहे.

तुम्ही पाहिला असेल. गांधी उघड्या अंगानं खाली बसून कागद वाचताहेत, पुढ्यात चरखा. मार्गारेट बर्क-व्हाईट ह्या अमेरिकन बाईनं ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी १९४६ मध्ये काढला. त्याची गोष्ट अशी, की फोटो काढायला गेली तर गांधींच्या चिटणीसानं तिला सांगितलं, आधी सूत कातायला शिका, मग फोटो. बाई बसली, शिकली, धागा तोडला, जोडला, मग आत सोडली. गांधींच्या खुनानंतर तो फोटो जगभर गेला. सुताचा आणि माणसाचा एवढा गाजलेला दुसरा फोटो मला माहीत नाही.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. माझ्या वाट्याच्या फ्रेमला हजारावर चात्या. धागा तुटला की जोडायचा, तुटला की जोडायचा, आठ तास. मला कुणी विचारलं नाही, बाबा, सूत कातता येतं का, मग तुझा फोटो काढू. माझा आजा मुंबईत लोअर परळला गिरणीत होता. रिंग खात्यातच. आज्याचा बाप पण रिंग खात्यात. लहानपणी वाटायचं, आमचं घराणंच रिंगवाल्यांचं. नंतर कळलं, की त्याला कारण आहे.

साचेखात्यात, म्हणजे मागावर, पगार जास्त. पण मागाच्या धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. ओठ लावून, श्वास आत घेऊन. तोच धोटा मग दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याच्या ओठाला. महाराच्या ओठाचा धोटा आम्ही ओठाला लावणार नाही, असं बाकीच्या जातींच्या कामगारांचं म्हणणं. लाल बावट्याखाली उभे राहणारे कामगार बरं का! म्हणून साचेखातं आपल्याला बंद. १९२८ चा मोठा संप झाला, सहा महिने गिरण्या थंड, तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं, तुमच्या मागण्यांच्या यादीत हे का नाही? नाइलाजानं त्यांना ती मागणी घ्यावी लागली. म्हणजे बघा, मालक वेगळा, जॉबर वेगळा, आणि थुंकीतली जात आणखी वेगळी. तीन तीन भिंती.

एका बाजूला जगातला सगळ्यात गाजलेला सुताचा फोटो. दुसऱ्या बाजूला एक धोटा, ज्याला आपण ओठ लावू शकत नव्हतो. फळीवर पहिलाच आला. मी त्या फळीपुढं बराच वेळ उभा होतो. एक शाळकरी पोरगी शेजारी येऊन म्हणाली, “काका, हे काय करतायत?” म्हणलं, वाचतायत. चरखा थांबलेला आहे, बघ.

त्याच बर्क-व्हाईट बाईनं त्याच १९४६ साली बाबासाहेबांचेही फोटो काढले होते. किती जणांनी बघितलेत? शाळेच्या पुस्तकात चरखा आहे. एकाच बाईचे, एकाच वर्षाचे फोटो, एक गावोगाव फिरला आणि दुसरा पेटीत राहिला. कॅमेऱ्यानं भेद केला नाही, पेटी उघडणाऱ्यानं केला.

बाबासाहेबांना हे कळत नव्हतं असं समजू नका. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात रानड्यांच्या १०१ व्या जयंतीचं भाषण त्यांनी केलं, ते छापलेलं आहे, मिळवून वाचा. गांधी आणि जिना ह्या दोघांची त्यात त्यांनी हजेरी घेतली आहे, पण त्याहून जास्त वर्तमानपत्रांची. त्यांचं म्हणणं असं, की एक वीर निवडायचा आणि त्याची पूजा बांधायची हाच इथल्या पत्रांनी आपला धंदा केला. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत शेवटच्या भाषणात त्यांनी बजावलं, की धर्मात भक्ती चालेल, राजकारणात भक्ती म्हणजे हुकूमशाहीचा रस्ता. ज्या फोटोला आपण दर १४ एप्रिलला हार घालतो, मसुदा हातात देतानाचा, तो त्याच सुमाराचा आहे. भाषण एक सांगतं, हार दुसरं. हे दुसऱ्यांना उद्देशून लिहीत नाही. आमच्या मंडळात गेल्या जयंतीला फोटोची चौकट किती फुटी करायची ह्यावर दोन तास भांडण झालं, आणि वाचनवर्गाला सहा जण होते. त्यातले दोन चहासाठी आलेले.

दरबारी भिंतीवर बाबासाहेब कधी चढले तेही बघून ठेवा. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचं तैलचित्र लागलं १२ एप्रिल १९९० ला. भारतरत्न त्याच साली. म्हणजे जाऊन चौतीस वर्षं होऊ दिली. मधल्या काळात त्यांचा चेहरा जिवंत कुणी ठेवला? सरकारी प्रदर्शनांनी नव्हे. १९५५ पासून दिल्लीला दृश्य प्रसिद्धीचं संचालनालय होतं, गाड्या होत्या, फळ्या होत्या. (२०१७ मध्ये ते दुसऱ्या खात्यांत मिसळून टाकलं. आमच्याकडं आलेल्या फळ्या त्यांच्या नव्हेत.) पण बाबासाहेबांना गावोगाव नेलं ते ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या फुटपाथवर प्लास्टिकचा कागद अंथरून बसणाऱ्यांनी, दीक्षाभूमीवर कॅलेंडर विकणाऱ्यांनी, जलसेवाल्यांनी. आपलं फिरतं प्रदर्शन हे. एकेक फोटो गुंडाळून रबर लावून एस.टी.नं गेला, नि पत्र्याच्या भिंतीवर लागला. १ जानेवारी १९२७ चा कोरेगावच्या स्तंभापाशी काढलेला. गोलमेज परिषदेचा. फेब्रुवारी १९३४ चा राजगृहातला घरचा फोटो, यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि पुढ्यात टॉबी कुत्रा. ह्या फोटोत कुत्र्याचंसुद्धा नाव आपल्याला माहीत आहे! आपल्या लोकांनी ‘व इतर’ म्हणून कुणाला सोडलं नाही, कुत्र्यालाही नाही. फळीवाल्यांनो, हे शिका.

पण लगेच हुरळून जायला नको. आपल्याही फोटोत ‘व इतर’ आहेत, आणि त्या बहुतेक बाया आहेत. जुलै १९४२ ला नागपुरात शेड्यूल्ड कास्ट महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, वीस-पंचवीस हजार बाया जमलेल्या. किती जणींची नावं आपल्या जयंतीच्या भाषणात येतात? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्या दोघींनी घरोघर जाऊन त्या बायांना बोलतं केलं, आठवणी गोळा केल्या, तेव्हा १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ झालं. सत्तेचाळीस वर्षांनी. तोवर त्या आपल्याच घरात बसून होत्या, भाकरी थापत. हा आळस कुणा ब्राह्मणानं आपल्यात घातला नाही.

आता ७ डिसेंबर १९५६.

आदल्या दिवशी दिल्लीला अलिपूर रोडवर बाबासाहेब गेले. रात्री विमानानं मुंबईला आणलं. राजगृहापासून दादरच्या चौपाटीपर्यंत माणूस. गिरण्या ओस. त्या अंत्ययात्रेची फिल्म आहे, हलणारी फिल्म, आणि आज आपण जी बघतो ती नामदेवराव व्हटकरांमुळं. लेखक, नाटक-सिनेमातला माणूस, मूळचा कऱ्हाडकडचा. कच्ची फिल्म महाग, कॅमेरा भाड्याचा, कॅमेरावाल्याची मजुरी वेगळी. सिनेमाधंद्यात पैसेवाले कमी नव्हते. पण खर्च केला व्हटकरांनी, स्वत:चं गहाण टाकून, कर्ज अंगावर घेऊन. का? उद्या कुणी म्हणू नये, की एवढी माणसं नव्हतीच. आपल्या बातमीचा खर्च आपल्यालाच करावा लागतो हे मूकनायकापासून चालत आलेलं, ते चितेपर्यंत आलं.

माझा आजा त्या गर्दीत होता. एकोणीस वर्षांचा, बदली कामगार. भोंगा झाला पण कुणी आत गेलं नाही, असं सांगायचा. चौपाटीवर आचार्य अत्रे बोलले, ते त्याला ऐकू आलं नाही, इतका मागं होता. तिथंच लाखाच्या वर लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्यात हा. बाबासाहेब मुंबईला त्याच महिन्यात दीक्षा देणार होते, ती अशी झाली. पुढं १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, संपला कधी ते कुणी सांगितलंच नाही, आणि आजा ट्रंक घेऊन गावाला आला. तो जाऊन बरीच वर्षं झाली.

एका सहा डिसेंबरला मी शिवाजी पार्कवरून अंत्ययात्रेच्या गर्दीचा एक फोटो आणला. डोकीच डोकी. आज्जीला दाखवला. तिनं पदरानं तो पुसला, बराच वेळ बघितला, आणि एका डोक्यावर बोट ठेवलं. “ह्यो बघ तुझा आजा.” मी काही बोललो नाही. महिन्याभरानं पुन्हा दाखवला, तर बोट दुसऱ्याच डोक्यावर. तरी मी बोललो नाही. तिथं होता हे खरं, कुठला ते ठरवायचा हक्क तिचा आहे.

हॉलातल्या फळीचं पुढं काय झालं ते राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गेलो. एका पोराचं अक्षर चांगलं आहे, त्यानं वहीच्या पानावर फोटोतल्या पहिल्या रांगेतली अकरा नावं डावीकडून उजवीकडं लिहून आणली होती. अकराच्या अकरा, आपल्या एकट्याचं नाव नव्हे. रफी अहमद किडवाई, बलदेव सिंग, मौलाना आझाद, जॉन मथाई, सगळे. मागची उभी रांग आम्हाला पुरी लावता आली नाही, म्हणून ती लिहिली नाही. डिंकानं चिकटवलं. टेबलवाल्यानं बघितलं आणि दुसरीकडं बघितलं. संध्याकाळी कुणा साहेबाची भेट झाली, पान फाडलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावलं. दुपारी टेम्पो भरताना तो टेबलवाला मला म्हणाला, “अजून एक पान लिहून देता का? तिकडं पण साहेब येतो, पण दोन दिवसांनी येतो.” दिलं. चार दिली.

तर दोस्तहो, एक काम सांगतो. तुमच्या घरात, वस्तीत, समाजमंदिराच्या कपाटात जुने फोटो असतील. जयंतीचे, संपाचे, लाँग मार्चचे, नामांतराचे, लग्नातले सुद्धा. ते काढा. म्हाताऱ्या माणसांपुढं ठेवा आणि विचारा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहा, पेननं नको, शाई पुढं फुटते. कोण, कुठं, कुठल्या साली, आणि हे सांगितलं कुणी. बायांची नावं नवऱ्याच्या नावानं लिहू नका. मूळ फोटो आमच्याकडं पाठवू नका, टपालात काय होतं ते कुलवंत रॉयनं सोसलंय. नावांची यादी पाठवा, ती आपल्याला छापता येते.

मी सुरुवात केली आहे. आज्याच्या ट्रंकेत रिंग खात्याच्या जयंती कमिटीचा एक फोटो निघाला. चौदा जण, सगळ्यांचे सदरे धुतलेले, मधल्याच्या हातात बाबासाहेबांची तसबीर. आज्जीला नऊ नावं सांगता आली. ती लिहिली. उरलेल्या पाचांना दहा ते चौदा असे नुसते आकडे घातलेत आणि पुढं जागा सोडली आहे. परवा रात्री झोपेतून उठून ती म्हणाली, अकरा नंबरचा वाईचा होता, आणि त्याला पेटी वाजवता यायची. नाव अजून आठवलेलं नाही. अकरासमोर ‘वाई, पेटी’ एवढं लिहून ठेवलंय.